खीर, उंबरा आणि आमचा पोपट

आमच्या पोपटला चार घरांनी नकार दिला होता. मुलगा निर्व्यसनी, पेणला गणपतीच्या कारखान्यात शाडूची माती तयार करणारा, दिसायला बरा. पण तोंड उघडलं की दगड. मी त्याची मोठी बहीण हौसा. आईबापामागं त्याचं लग्न माझ्या गळ्यात आणि ह्या मेल्याला खडकाशिवाय विषय नाय.

हे खूळ लागलं कासू गावात. गणपती झाले की कारखाना थंडावतो. तेव्हा रेल्वेच्या नव्या रुळांसाठी तिकडं खडक फोडत होते, आणि दगड तपासायला एक साहेब आले होते. पोपट त्यांच्या पिशव्या उचलायला गेला तो येडाच होऊन आला. खिशात दगड, उशाखाली दगड. एकदा तर माझ्या तांदळाच्या डब्यात दगड सापडला.

रोह्याची एस.टी. धरून आम्ही वरश्याला मुलगी बघायला निघालो तेव्हा मी त्याला दम भरला. "दगडाचं नाव काढलंस तर सगळ्यांदेखत थोबाड रंगवीन."

"नाय काढणार गो ताई," म्हणाला. बिचाऱ्याचा इरादा खरा होता.

मुलीचे वडील गोविंदमामा, त्यांनी आम्हाला पडवीत बसवलं. त्यांची सरू खिरीचं पातेलं ठेवून दाराआड उभी राहिली. डोळे असे हसरे की पोपट घामाघूम. मला वाटलं, जमलं. तेवढ्यात त्याची नजर उंबऱ्यावर गेली. काळाभोर दगड, त्यात हिरवे दाणे. मी चिमटा काढला.

गोविंदमामांनी आपलं सहज विचारलं, "काय बघताय पावणं?"

झालं. गेला बांध फुटून.

"मामा, ह्यात मॅग्नेशियम हाय. हे पातेलं म्हणजे जमिनीच्या पोटातलं तळं समजा. लय खोलातनं आलेला खडक, पार वितळलेला, लालभडक. तो सावकाश निवतो. पहिलं हे हिरवे दाणे धरतात, पाकात खडीसाखर धरते तसे. मॅग्नेशियम त्यांच्यातच जास्त. जड, म्हणून तळाशी बसतात. मग काळे दाणे. पांढरे हलके, ते वर. खालनं पुन्हा नवा कढ आला की पुन्हा हिरवे, पुन्हा काळे. थरावर थर, मामा."

बोलता बोलता त्यानं पळीनं खीर ढवळली आणि थांबला. कारखान्यात शाडू असाच ढवळतात, वाळू खाली बसू देतात, मग वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून घेतात. दहा वर्षांची हाताची सवय ती. त्यानं पातेलं कलतं केलं आणि सगळं दूध, वेलचीसकट, हात धुवायच्या घंगाळात.

"आता बघा तळ," म्हणाला खुशीत.

तळाला तांदूळ होते. मामा तांदळाकडं बघत राहिले. मी त्याची बाही धरली, उठवायला. हा पाचवा नकार, आणि आता कुठल्या तोंडानं सहावं घर शोधू?

तोच दाराआडून सरू बोलली. "तळाला बसला म्हणता, मग आमच्या उंबऱ्याला कसा आला?"

पोपटनं वाकून उंबऱ्यावर हात फिरवला.

"नाय ठाव," म्हणाला मग. "खालनं जोर येऊन तळातलं वर आलं असंल. नायतर वरची जमीन झिजली असंल. साहेबांना इचारायचं राहिलं. मला खरंच नाय ठाव."

मामा उठले. "पावणं, आता तुम्ही..."

"बाबा," सरू उंबरा ओलांडून बाहेरच आली, "मला हेच पायजेत. नाय ठाव म्हणणारा बाप्या मी आजवर बघितला नाय."

घरातल्या सहा माणसांवर हुकूम चालवणारे मामा, आजवर त्यांनाही कधी 'नाय ठाव' हे शब्द सुचले नसावेत. त्यांनी लेकीकडं बघितलं, घंगाळाकडं बघितलं, आणि पुन्हा खाली बसले.

"दुसरे तांदूळ धू गो," म्हणाले. "पावणं जेवून जातील."