नळी भरलेली होती

डब्याचं झाकण उघडून मी डोळे मिटले होते. दुपारचा दीड वाजला होता.

"स्टेला, भाजी पळून जाऊन राहिली का? उघड डोळे, जेव," इंगोले सर समोरून म्हणाले.

हे रोजचंच होतं. तेव्हा मी डीएमएलटीच्या शेवटच्या वर्षाला होते. डीएमएलटी म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा. ट्रेनिंगसाठी हिंगोलीतल्या एका खासगी हॉस्पिटलची लॅब मिळाली होती. इंगोले सर तिथले इन्चार्ज. तळमजल्यावर लॅब, तिच्याच एका कोपऱ्यात रक्ताच्या पिशव्या ठेवायचा फ्रिज आणि वर बायकांचा वॉर्ड.

आम्ही कॅथलिक. इथे आमची घरं मोजकीच आहेत, फादर महिन्यातून एकदा मिस्सासाठी, म्हणजे सामूहिक उपासनेसाठी, येतात. एरवी सगळं घरच्या प्रार्थनेवर चालतं. मम्मीने लहानपणी एक सवय लावली होती. जेवणाआधीची ठरलेली प्रार्थना म्हणायचीच, पण त्याआधी सकाळपासून भेटलेल्या तीन माणसांसाठी देवाचे आभार मानायचे. नुसतं 'सगळ्यांसाठी' म्हटलेलं तिला चालायचं नाही. कोणासाठी आणि कशासाठी, ते सांगायचं. "देवाला घाई नसते, नीट सांग," असं ती म्हणायची.

लॅबमध्ये मी हे कोणाला सांगितलं नव्हतं. माझ्या इंग्रजी शाळेत सगळेच प्रार्थना म्हणायचे, तिथे कोणी विचारायचं नाही. इथे विचारलं असतं, आणि मला प्रश्न आवडत नाहीत. मायक्रोस्कोपने डोळे दुखतात, असं मी सरांना सांगून ठेवलं होतं.

त्या दिवशी पहिले आभार रिक्षावाल्या काकांचे मानले. मी दिसेपर्यंत ते कोपऱ्यावर थांबले होते. दुसरं नाव सुनीताचं.

सुनीता पुसेगावची. पहाटे बाळंत झाली होती आणि रक्तस्राव खूप झाला होता. डॉक्टरांनी रक्त चढवायला सांगितलं होतं. तिचा नमुना घ्यायला मीच वर गेले होते. शीर सापडत नव्हती. तीन वेळा टोचावं लागलं, तरी ती ओरडली नाही. उलट मलाच म्हणाली, "टोचा ताई, काही न्हाई होत." शेवटी शीर लागली, पण रक्त थेंबथेंब आलं. जांभळ्या बुचाची नळी अर्धीच भरली.

मी मनात म्हटलं, प्रभू येशू, सुनीतासाठी आभार, तिने धीर धरला म्हणून, आणि अर्धी का होईना, नळी मिळाली म्हणून.

तिथेच थांबले.

कारण सुनीताच्या नावाचं लेबल मी ज्या नळीवर गुंडाळलं होतं, ती अर्धी नव्हती. लेबल गुंडाळताना माझ्या अंगठ्याखाली रक्त पार बुचापर्यंत होतं. ती नळी भरलेली होती.

मी डोळे उघडले. डब्यातली भेंडी दिसत होती, पण ती काय आहे ते क्षणभर कळेना.

काय झालं होतं ते इथे सांगायला हवं. सुनीताच्या शेजारच्या खाटेवर जवळा बाजारची रेखा होती. तिचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं, तिचा साधाच नमुना घ्यायचा होता. तिची शीर लगेच मिळाली आणि नळी पूर्ण भरली. नियम असा की नळीवर नाव खाटेजवळच लिहायचं, रुग्णाला त्याचं नाव विचारून. पण माझा पेन सिस्टरने सलाईनच्या बाटलीवर वेळ लिहायला नेला होता. मी म्हटलं, खाली जाऊन लिहू. सुनीताची नळी अ‍ॅप्रनच्या डाव्या खिशात ठेवली, रेखाची उजव्या. जिन्यात फोन वाजला. तो काढताना नळ्या बाहेर काढल्या का, परत कुठल्या खिशात ठेवल्या, ते मला आजही आठवत नाही.

म्हणजे सुनीताचं म्हणून आम्ही रेखाचं रक्त तपासलं होतं. गट आला बी पॉझिटिव्ह. मग क्रॉसमॅच केलं. क्रॉसमॅच म्हणजे पिशवीतलं रक्त आणि रुग्णाचं रक्त एकत्र करून पाहायचं, पटतंय का. छान पटलं. पटणारच, कारण ते रेखाच्या रक्ताशी पटत होतं. बी पॉझिटिव्हची पिशवी सुनीताच्या नावाने वर गेली होती. त्याला दहा मिनिटं झाली होती.

वॉर्डातली सिस्टर पिशवीवरचं नाव आणि कागदावरचं नाव जुळवून पाहते. पण ही चूक तिला सापडलीच नसती. नाव बरोबर होतं, नंबर बरोबर होता, सह्याही होत्या. तपासलेलं रक्त तेवढं दुसरीचं होतं. आणि गटाची आधी नोंद असलेलं सुनीताचं कार्ड गडबडीत घरीच राहिलं होतं.

"सर, नळ्या बदलल्या," मी म्हणाले.

"कोणत्या?"

"सुनीता आणि रेखा. पिशवी चुकीची आहे."

सरांच्या हातात पोळीचा घास होता. "खात्री आहे तुला?"

"सुनीताची नळी अर्धी होती सर. मी भरलेलीवर तिचं नाव लावलं."

त्यांनी घास डब्यात ठेवला. "पळ. मी फोन करतो."

मी शाळेत कधी वर्गात हात वर केला नाही. बसमध्ये स्टॉप आला तरी कंडक्टरला हाक मारायला मला जमत नाही. त्या दिवशी मी वॉर्डाच्या दारातूनच ओरडले, "सिस्टर, थांबवा! लावू नका!"

सगळा वॉर्ड माझ्याकडे बघायला लागला. टेबलावरचा फोन वाजत होता, तो उचलायला कोणी मोकळं नव्हतं. सुनीताच्या खाटेशी वाघमारे सिस्टर उभ्या होत्या. पिशवी स्टँडवर टांगलेली होती. पिशवीच्या नळीत लाल रंग सुईपर्यंत उतरला होता. सुई सुनीताच्या हातात टोचलेली होती. फक्त मधली चाकी बंद होती. ती फिरवली की रक्त सुरू होतं. रक्त सुरू करण्याआधी ताप आणि बीपी बघायचा नियम आहे, आणि सिस्टर नियमाने बीपी घेत होत्या.

"काहून गं? काय झालं?" त्यांनी विचारलं.

"पिशवी काढा. रक्त दुसरीचं आहे."

सुनीताची सासू बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "दुसरीचं म्हंजे? रक्त तं दुसऱ्याचंच असतंय की! आन् घंटाभर झाला, आमची सून पांढरीफटक पडली. चढवा लवकर."

सिस्टरने तिच्याकडे पाहिलं नाही. माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि एका हाताने नळी मुडपून धरत दुसऱ्या हाताने ती सुईपासून सोडवली. तेही अगदी शांतपणे.

इंगोले सर मागून आले. येताना त्यांनी रेखाचा रिपोर्ट आणला होता. त्यावर हिमोग्लोबिन साडेपाच होतं, हवं त्याच्या निम्म्याहून कमी. रेखा शेजारच्या खाटेवर मांडी घालून शेंगदाणे सोलत होती. साडेपाचवाली बाई अशी बसत नाही, म्हणजे तिच्या नावाच्या नळीत सुनीताचं रक्त होतं. सरांनी रिपोर्ट मला दाखवला आणि घडी करून खिशात टाकला.

नवीन नमुना सरांनी स्वतः घेतला. नाव विचारलं, खाटेपाशीच लिहिलं. खाली येऊन स्लाइडवर रक्ताचे तीन थेंब ठेवले आणि प्रत्येकात गट ओळखायचं औषध घातलं. पहिले दोन, ए आणि बी गटाचे, तसेच गुळगुळीत राहिले. तिसरा दाणेदार झाला. म्हणजे ओ पॉझिटिव्ह.

ओ गटाच्या माणसाला बी गटाचं रक्त दिलं तर शरीर ते रक्त फोडायला लागतं. थंडी वाजते, कंबर दुखते, किडनी बंद पडते. माणूस जातो. हे मी परीक्षेत पाच मार्कांसाठी लिहिलं होतं, पैकीच्या पैकी मिळाले होते. मी त्या स्लाइडकडेच बघत होते.

"रडायचं असलं तं नंतर रड," सर म्हणाले. "आधी ओची पिशवी काढ."

नव्याने क्रॉसमॅच करून तीन वाजता योग्य रक्त सुरू झालं. मी ती पिशवी संपेपर्यंत वॉर्डात उभी होते. संध्याकाळी सुनीताने बाळाला जवळ घेतलं.

तिच्या सासूने माझा हात धरला. "बाई, तू पळत आलीस म्हणून सून वाचली माझी. देवच धावला."

गप्प राहता आलं असतं. गप्प राहणं मला चांगलं जमतं.

"मावशी, चूक माझीच होती. नळ्या मीच बदलल्या."

तिने हात सोडला. मग म्हणाली, "मंग आता तिला सुई तू नको टोचू."

"नाही टोचत."

सुनीता घरी गेली त्या दिवशीही सासू माझ्याशी बोलली नाही. तिचं बरोबर होतं.

चूक झाली त्या रात्री घरी गेल्यावर मी मम्मीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "देवाचे आभार मान."

"कशाचे? त्याला आठवण करून द्यायची होती, तर नाव लिहायच्या वेळी का नाही दिली?"

मम्मी कणीक मळत होती. "लिहायचं असतं, हे तुला शिकवलं होतं ना?"

"हो."

"मग त्याने अजून कशी द्यायची?"

त्या रात्री मी फक्त 'आमच्या बापा' ही येशूने शिकवलेली प्रार्थना म्हटली, तीही अर्धी. आभार मानायला पुढचे चार दिवस जमलं नाही. पाचव्या दिवशी वाघमारे सिस्टरसाठी मानले, बीपी बघितल्याबद्दल.

हॉस्पिटलमध्ये अशी चूक झाली की फॉर्म भरावा लागतो. चुकीच्या दुसऱ्याच दिवशी सरांनी तो माझ्यासमोर ठेवला होता. पहिला रकाना, काय घडलं. तो भरला. दुसरा रकाना, चूक कशी लक्षात आली. तिथे मी पेन धरून बसले.

"लिही, पुनर्तपासणीत लक्षात आली," सर म्हणाले. "सगळे तेच लिहितात."

"पण तसं झालं नाही सर."

"मग?"

मी लिहिलं, 'जेवणाआधी प्रार्थना करताना.' सरांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं.

"म्हंजे डोळे दुखत नव्हते तुझे."

"नाही सर."

"आमी उगाच तुला ड्रॉप घाल म्हणत होतो." त्यांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला. "राहू दे. खरं आहे तं राहू दे."

तिसरा रकाना होता, पुन्हा होऊ नये म्हणून उपाय. मी पेन टेकवला, तेवढ्यात त्यांनी बोट मध्ये घातलं.

"इथं प्रार्थना लिहू नको. उद्या तुझा उपास असला, डबाच आणला न्हाई, तं?"

मी लिहिलं, 'नळीवर नाव खाटेजवळच, रुग्णाला विचारून, त्याच्या देखत. पेन स्वतःकडे दोन.' सरांनी सही केली. खाली बरीच जागा उरली होती. तिच्यावर त्यांनी आडवी रेघ मारली.