काज म्हणजे काय

लग्न होऊन मी कानडी मुलखात, चामराजपुरमला आले तेव्हा सासऱ्यांचं शिंपीकामाचं दुकान घराच्या पुढच्या खोलीतच होतं. मधल्या दारामागे बसून थोरल्या जाऊबाई काजं करत. सगळं हातानं, टाक्याला टाका भिडवून. कोटावर मुंग्यांची रांग लागावी तशी ती दिसत. मीही शिकत होते, पण माझं काज चार दिवसांत उसवे. गिऱ्हाइकांना वाटे, हे सासऱ्यांच्याच हातचं. तेही काही बोलत नसत.

एकदा दसऱ्याच्या आधी बँडात क्लॅरिनेट वाजवणारे गोव्याचे एक गृहस्थ कोट न्यायला आले. बटणं लावून, काढून पाहिली आणि म्हणाले, "मास्तर, असं काज मी गोव्यातसुद्धा पाहिलं नाही. हा शब्द कुठला, ठाऊक आहे?"

"आमचाच," सासरे म्हणाले. "काज म्हणजे काम. कार्य. मूळ संस्कृत."

मशीनवरचा कन्नड कारागीर हसला. "आम्हीपण काजच म्हणतो. मग तो कन्नड झाला की!"

"पोर्तुगीज आहे तो," पाहुणे म्हणाले. "त्यांच्यात काझा म्हणजे घर. बटणाच्या भोकालाही ते काझाच म्हणतात. बटणाचं घर."

सासऱ्यांना पटेना. "समुद्रापलीकडचा शब्द आमच्या सुईत कसा येईल?"

तोच दारामागून जाऊबाई बोलल्या, "येईल की, मामंजी. गुंडी आपली, तिचं मने त्यांचं." बोलण्याच्या भरात घराला कन्नड शब्दच तोंडी आला. "दार अरुंद झालं तर गुंडी अडते, सैल झालं तर निसटते. मी रोज घरच बांधते की हो."

गिऱ्हाइकापुढे त्या कधी बोलल्या नव्हत्या.

"हे काम कुणाचं?" पाहुण्यांनी विचारलं.

सासऱ्यांनी कोटाची बाही उगीच सरळ केली, घसा खाकरला. "माझ्या थोरल्या सुनेचं."

ते गृहस्थ उठले आणि टोपी काढून दाराच्या दिशेनं वाकले. आत जाऊबाईंनी घाईघाईनं पदर सावरला. सुई मात्र हातातच होती.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी पुढच्या खोलीत खिडकीपाशी पाट मांडला. "आत अंधारात डोळे फोडून घेऊ नकोस," एवढंच म्हणाले. जाऊबाई पुढे कितीतरी वर्षं तिथंच बसल्या. शब्दाबद्दल सासऱ्यांचं मत शेवटपर्यंत बदललं नाही. काज म्हणजे कामच, असं ते ठासून सांगत आणि सांगताना सुनेकडे बोट दाखवत.