बाबांनी ब्लॉगवर घातलेली इर्जिक

आमच्या सात पिढ्यांत पदवी मिळवणारा पहिला माणूस मी, आणि परदेशी कंपनीने लबाड ठरवलेला पहिला माणूसही मीच. पहिल्या गोष्टीचं श्रेय बाबांचं. दुसऱ्या गोष्टीचंही त्यांचंच!

आधी पदवीचं सांगतो. मी बी.ए. झालो तेव्हा बाबांनी प्रमाणपत्राला काच लावून आणली आणि ते घरात न टांगता बाहेर ओट्याच्या भिंतीवर, रस्त्याकडे तोंड करून ठोकलं. आमचं घर धाड गावच्या बाजाराच्या वाटेवर. एसटीतून उतरलेला माणूस आधी माझी पदवी बघणार, मग कोथिंबिरीचा भाव विचारणार. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा, हे आत लावतात."

"आत कोन पाह्यते बे? घरच्याईले तं मालूम हाये!"

(मी हसलो. हसायला नको होतं, पण ते पुढे.)

पदवी ओट्यावर लटकली, पण नोकरी काही ओट्यावर आली नाही. मग मी शेतीवर ब्लॉग सुरू केला. कपाशीवर कीड कोणती पडली, कोणतं औषध कधी मारायचं, सोप्या मराठीत. वाचणारे हळूहळू वाढले. एका परदेशी कंपनीकडून जाहिराती लावायची परवानगी मिळाली, त्या दिवशी आईने शिरा केला. पण जाहिरातींवर कोणी बोट ठेवीना, आणि पैसे तर त्यावरच मिळायचे. तिकडे पुण्याच्या चुलतभावाने एका गोदामात माझ्यासाठी जागा बघून ठेवली होती. बाबा एक दिवस गंभीरपणे म्हणाले, "पोळ्यापरेंत पाहू. तुह्यावालं ते चाललं तं ठीक, नाही तं बॅग भर."

मला जायचं नव्हतं. पण ज्या माणसाने स्वतः अंगठा लावून मला सही करायला शिकवलं, त्याला 'मला इथंच राहायचंय' कोणत्या तोंडाने सांगणार? म्हणून मी जीव तोडून जाहिरातींच्या जागा बदलू लागलो. आधी त्या लेखाच्या तळाशी होत्या. तिथपर्यंत फक्त आई पोचायची, तीही लेख माझा म्हणून. मग वर नेल्या. तर जाहिरातच एवढी मोठी दिसू लागली, की एका वाचकाने विचारलं, "भाऊ, लेख कुठं आहे?" मग ऐन मध्यात टाकल्या. आता बोंडअळीच्या लेखात 'पंपात औषध घालून चांगलं ढवळा' या ओळीखाली एकदम 'केस गळताहेत?' असा प्रश्न येऊ लागला! डोणगावच्या एका शेतकऱ्याने प्रामाणिकपणे विचारलं, की हेच औषध डोक्यालाही चालतं का.

हे सगळं बाबा ओट्यावरून बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "काऊन रे, गाडं अडलं कुठी?"

"जाहिरात दिसते, पण लोक दाबत नाहीत."

"दाबलं म्हंजे झालं?"

"दाबलं म्हणजे झालं," मी म्हणालो.

बस. एवढंच वाक्य बोललो. आपल्याच माणसांनी दाबायचं नसतं, हे सांगायची गरज मला वाटली नाही. मी पदवीधर ना!

दुसऱ्या दिवशी लॅपटॉपचा चार्जर दुरुस्त करायला बुलढाण्याला गेलो. दुपारी परत आलो, तर घरासमोर जीपा उभ्या. आमच्याकडे एवढ्या जीपा फक्त लग्नाला किंवा मयतीला येतात, आणि लग्नाचा तर मी एकटाच होतो, तो बुलढाण्याला! पळत आत गेलो. अंगणात मांडव. एका बाजूला आई आणि काकू बट्ट्या भाजताहेत, वरणाला फोडणी बसली आहे, वांग्याची भाजी रटरटते आहे. आणि मांडवाखाली आमचा सगळा गोतावळा ओळीने बसून, मान खाली घालून, मोबाईल दाबतो आहे.

"हे काय आहे?" माझा आवाज चिरकला.

"इर्जिक!" बाबा उपरणं झटकत म्हणाले.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. एखाद्याचं शेत मागं पडलं, की गाव आपापले बैल आणि नांगर घेऊन त्याच्या शेतात एक दिवस राबतं. मजुरी नाही, फक्त पोटभर जेवण. त्याला इर्जिक म्हणतात. बाबांच्या लेखी माझं शेत मागं पडलं होतं. बैलांऐवजी त्यांनी मोबाईल मागवले होते, इतकंच!

डोणगावची आत्या चष्मा सावरत म्हणाली, "बाप्पा, माह्या मोबाईलात जाहिरात सापडतच नाही. नुसतं लिहेलच हाये सारं!"

"खाली सरक ना माय, खाली. बांधाले लागून हाये," शंकरकाकांनी वाट दाखवली.

हिवरा आश्रमाकडचे मामा घामाघूम झाले होते. "भाच्या, मी निस्तं दाबून नाही थांबलो. आत जाऊन नाव, नंबर, सारं भरलं. अर्धं काम आपल्याले आवडत नाही!"

"मामा, काय भरलं?"

"इंग्रजी बोलायचा क्लास लावला. सोमवारपासून हाये म्हनते."

"अन् म्या तुह्यं नाव लग्नाच्या जाहिरातीत टाकलं," आत्या म्हणाली. "पगार इचारला तं लिवलं, वडलाइले मालूम!"

शंकरकाकांनी आणि त्यांच्या ओळीतल्या झाडून साऱ्यांनी ठिबक सिंचनाच्या जाहिरातीत 'संच हवा' असं भरून दिलं होतं. ज्यांच्याकडे शेत नाही त्यांनीसुद्धा!

"थांबा! सगळे थांबा!" मी ओरडलो.

"जेवल्यावर थांबू," काका म्हणाले. "अजून एक तास पडला हाये."

त्यांना वाटलं, मी संकोचाने म्हणतोय. आमच्याकडे इर्जिकेला आलेल्या माणसाला मालकाने 'आता पुरे' म्हणायचंच असतं, आणि त्याने आणखी जोरात नांगरायचं असतं. मी जितका ओरडलो, तितका मांडव पेटला! शेवटी बट्ट्या वाढल्या तेव्हाच बोटं थांबली.

कंपनीचं पत्र संध्याकाळी आलं. आपल्या जाहिरातींवर खोट्या मार्गाने बोटं पडली आहेत, सबब खातं बंद. मी इंग्रजीत भलामोठा खुलासा पाठवला. त्यात इर्जिक समजावली, बैल समजावले, बट्टीसुद्धा समजावली. उत्तर एका ओळीचं आलं: निर्णय बदलणार नाही.

बाबा ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "मदत केली म्हून बंद केलं? त्याईच्याकडं इर्जिक नसते काय?"

"नसावी."

"म्हंजे आता तू पुन्याले जाशीन."

असं म्हणून त्यांनी तोंड रस्त्याकडे फिरवलं. मला काही कळेना. "पण बाबा, तुम्हालाच मला पाठवायचं होतं ना?"

"मले? मले वाटलं, शिकेल पोरगं, त्याले जायचं असन. म्या काऊन आडवं यावं?"

आतून आई म्हणाली, "एका घरात राह्यता ना रे तुमी? इचारलं असतं तं माह्यं एवढं तूप वाचलं असतं!"

मी आजवर खूप गोष्टींसाठी बाबांचा ऋणी आहे. पण स्वतःला नको असताना माझ्यासाठी पुण्याची वाट मोकळी ठेवणारा, आणि तरी ती चुकावी म्हणून अख्खा गोतावळा जीपांत घालून आणणारा हा माणूस मला त्या संध्याकाळी नव्याने भेटला. खातं गेलं त्याचं दुःख होतंच. पण मी आईकडून आणखी एक बट्टी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एक टेम्पो थांबला. बुलढाण्याचे ठिबक संचाचे दुकानदार खाली उतरले. हातात मोजायची टेप, चेहऱ्यावर दिवाळी!

"एवढ्या लोकांना संच हवे आहेत, आणि पत्ता सगळ्यांचा एकच," ते मोबाईल बघत म्हणाले. "पदवी लावलेल्या घराजवळ, धाड. हेच ना घर?"

मी खरं ते सांगितलं. माफी मागितली. त्यांच्या चेहऱ्यावरची दिवाळी मावळली. तेवढ्यात बाबांनी त्यांना ओट्यावर बसवून कालची बट्टी कुस्करून, वर तूप घालून पुढे केली. दुसऱ्या बट्टीला ते हसायला लागले.

"माझ्या जाहिरातीवर लोक बोट ठेवतात आणि पळून जातात," ते म्हणाले. "पत्ता देणारं गाव पहिल्यांदा पाहिलं. अन् तुमचा बोंडअळीचा लेख माझ्या गिऱ्हाइकांनीच मला दाखवला होता. मधे कुठली कंपनी कशाला? माझी जाहिरात तुम्हीच लावा."

मी धावत लॅपटॉप आणला. वरची जागा दाखवली, मधली दाखवली, प्रत्येकीचे गुण-दोष सांगितले. पंधरा मिनिटं बोललो असेन. त्यांचं लक्षच नव्हतं. ते भिंतीकडे बघत होते.

"ब्लॉगवर कुठंही लावा हो," ते म्हणाले. "पण आधी ही जागा द्या. बाजाराचा सारा रस्ता दिसतो इथून!"

पोळा आला आणि गेला. बॅग माळ्यावरच आहे. आता ब्लॉगवर ठिबक संचाची, बियाण्यांची आणि पंप दुरुस्तीची जाहिरात असते, लेख संपल्यावर, कोणाच्या फवारणीत लुडबुड न करता. ओट्याच्या भिंतीवर मात्र ठिबक संच मोठ्या निळ्या अक्षरांत रंगवला आहे, आणि खाली माझ्या ब्लॉगचा पत्ता. वाचक विचारतात, ब्लॉग कुठं सापडला? निम्मे सांगतात, कोथिंबीर घ्यायला जाताना!

जाहिरातीला जागा करायला प्रमाणपत्र काढावं लागलं. ते बाबांनी आत, माझ्या टेबलासमोर ठोकलं.

"बाबा," मी म्हणालो, "आत कोण पाहतं?"

"तू पाह्य," बाबा खिळा ठोकत म्हणाले. "मधीमधी वाचत जाय. तू शिकेल हायेस, हे बाकी साऱ्याईच्या ध्यानात हाये. तुह्याच राह्यत नाही."