आईच्या ज्वारीचं पोतं

गोष्टी कुठून सुचतात, हे लोकांना फार जाणून घ्यायचं असतं. आमच्या शहराजवळ लेणी आहेत, किल्ला आहे, तेव्हा मी कुठल्यातरी दगडावर बसून चिंतन करत असणार, असा त्यांचा समज. मला लेण्यांत माकडांखेरीज आजवर कुणी भेटलेलं नाही. माझ्या बहुतेक कथा पुंडलिकनगरातल्या पिठाच्या गिरणीत सापडल्या. हे सांगितलं की समोरचा हिरमुसतो.

गिरणीचं असं असतं, मोटर चालू झाली की शेजारणीच्या कानाशी ओरडावं लागतं. आणि ओरडून बोललेलं तिसरीला ऐकू जात नाही, अशी सगळ्यांची खात्री. त्यामुळे ज्या गोष्टी बायका घरात कुजबुजतसुद्धा नाहीत, त्या इथं बेंबीच्या देठापासून सांगतात. नवऱ्याचं, सुनेचं, छातीतल्या गाठीचं. पथ्य एकच. लाईट गेली की मोटरचा आवाज उतरत जातो, त्याच्याबरोबर आपणही तोंड मिटायचं. इथल्या बायकांना ते सवयीनं जमतं. तरी एखादीचं अर्धं वाक्य सुटतंच, आणि मी त्यावर मांजरासारखी टपलेली असते. माझ्या कितीतरी कथा त्या अर्ध्या वाक्यांतून निघाल्या.

आई राहायला आली आणि माझं लिहिणं थांबलं. वडील गेल्यावर पैठणकडच्या आमच्या गावात ती एकटीच उरली होती. मेंढरं विकून टाकलेली. भाऊ बजाजनगरात राहतो, कंपनीत कामाला आहे; दोन खोल्या, चार माणसं. "पुढच्या महिन्यात नेतो," असं तो दर महिन्याला म्हणतो. शेवटी मीच तिला घेऊन आले.

लेकीच्या घरी पाहुणी म्हणून यावं आणि चार दिवसांत निघावं, हे आमच्याकडचं जुनं वळण. आईनं त्यातून स्वतःची वाट काढली. येताना तिनं एसटीत आपल्या रानातल्या ज्वारीचं पोतं घातलं. आता तिचा डबा वेगळा, दळण वेगळं, भाकरी वेगळी. "माझं मी खाती, जावयाचं खात नाय," असं ती शेजारणींना सांगते, तेही मी तिच्या ताटात भाजी वाढत असताना. माझं डोकं फिरतं. भाजी कुणाची मग? चहा कुणाचा? पण विचारायची सोय नाही. ती चहाही सोडेल.

एक दिवस आमच्या दोघींचे डबे रांगेत होते. आई एका म्हातारीच्या कानाशी वाकून बोलत होती. लाईट गेली, मोटर उतरू लागली, बायका एकेक करून गप्प झाल्या. आईला हे पथ्य कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिचा आवाज माळावर मेंढरं वळवलेला. शांत झालेल्या गिरणीत तिचं अख्खं वाक्य घुमलं.

"लेक सोन्यावानी हाय, पन मरन लेकाच्या दारात यावं. हितनं उचललं तर लोकं म्हनतील, हिला कुनी नव्हतं!"

गिरणीवाला उगाचच डब्यांची झाकणं लावत बसला. बायका जमिनीकडं बघायला लागल्या. मला रडू यायला पाहिजे होतं. पण मनात आलं, काय नेमकं बोलली!

डबे तसेच घेऊन आम्ही घरी आलो. ओट्याशी टेकून बसल्यावर तीच म्हणाली, "ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"मंग लिव की. तू तिथलं ऐकून लिवतीस, मला म्हाईत हाय. माझंबी लिव. तुझं छापलेलं तो वाचतो. मी तोंडानं सांगितलं तर म्हनंल, आय गळ्यात पडती. छापलेलं वाचलं तर लाजंल, अन् न्यायला यील."

तिचं खरं होतं. भाऊ माझं सगळं वाचतो, कंपनीतल्या मित्रांना कौतुकानं दाखवतो. तिची कथा वाचून तो येईलच. आणि आई जाईल, त्या दोन खोल्यांत, लाजेपोटी नेलेली म्हातारी होऊन. मला तिचा तो अपमान नको आहे. हे झालं सांगायचं कारण. खरं कारण याहून साधं आहे. मला माझी आई माझ्याजवळ हवी आहे.

इतके महिने एक ओळ सुचत नव्हती, ती कथा मात्र एका बैठकीत उतरली. इतकं चांगलं मी आजवर काही लिहिलेलं नाही. ती मी कुठंही पाठवलेली नाही.

"छापलं का?" आई रोज संध्याकाळी विचारायची.

"अजून मनासारखं जमत नाही."

"पोतं सरायच्या आत छाप बाई. मंग मला हितं बसता यायचं नाय."

पोतं तळाला आलं होतं. मी मोंढ्यातल्या धान्यबाजारातून ज्वारी आणली. ती अंघोळीला गेली की त्यातली थोडी पोत्यात ओतायची आणि हात घालून खालवर करायची, असं सुरू केलं. स्वतःच्या घरात चोरासारखी, तेही चोरी करण्यासाठी नाही तर भर घालण्यासाठी.

परवा भाकरीचा पहिला घास चावताना ती थांबली. आयुष्यभर एकाच रानातली ज्वारी खाल्लेलं तोंड ते. तिनं पोत्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"औंदा ज्वारी लई पुरली," म्हणाली, आणि सावकाश सगळी भाकरी खाल्ली.

त्या संध्याकाळी तिनं छापलं का म्हणून विचारलं नाही. कालही नाही. तिनं माझं न बोललेलं ऐकलं, की लेकाची आशाच सोडली, हे मला तिला विचारवत नाही.