शेजारची रिकामी खुर्ची

लहानपणी पाहिलेल्या कार्टून सिनेमाचा दुसरा भाग टीव्हीवर लागला आणि मी पुन्हा सांगलीच्या थिएटरात दहा वर्षांची झाले. दुसऱ्या दिवशी माझे वडील, आप्पा, मला साताऱ्याच्या होस्टेलवर सोडणार होते. मध्यंतरात ते शेंगदाणे आणायला गेले, ते परतलेच नाहीत. पडद्यावर अस्वलाचं पिल्लू आईला सोडून निघालं होतं, आणि मी रिकाम्या खुर्चीवरची आप्पांची टोपी आवळून बसले होते. दिवे लागले तेव्हा ते मागच्या दारात उभे दिसले.

“आप्पा, कुठं होतात?”

“हितंच हुतो की. एकटी बसतीस का बघत हुतो.”

तेव्हा त्यांचा भयंकर राग आला होता.

उद्या माझी लेक पुण्याला शिकायला चाललीय; आत्ता ती टीव्हीसमोर सिनेमा बघत बसलीय. पाण्याच्या निमित्तानं तिच्या शेजारून उठलेली मी अजून दारातच उभी आहे. ती एकदाही मागं वळून बघत नाही.