वाट बघण्याची मुदत

कुंभिवलीला हमरस्त्याच्या कडेला रंगाची कंपनी आली, तेव्हा सहदेवच्या घरची भाताची खाचरं तिच्यात गेली आणि बदल्यात घरटी एक नोकरी मिळाली. त्यांच्या घरातली ती सहदेवच्या वाट्याला आली. मी तिथं स्टोअर सांभाळायचो, म्हणून त्याला रोज बघत होतो. मॅट्रिक झालेला, टायपिंग येणारा, मान खाली घालून काम करणारा माणूस. सत्त्याऐंशी साली ऑफिसात कॉम्प्युटर आला आणि तो त्याच्या हवाली झाला.

रंगाच्या प्रत्येक लॉटच्या तपासणीचे आकडे मुंबईच्या मोठ्या कॉम्प्युटरवर असायचे. ते टेलिफोनच्या तारेतून इकडं उतरवून घ्यायचे, आकडेवारीच्या प्रोग्रामात घालायचे आणि माल कशानं बिघडतो ते शोधायचं, असं ते काम. वर्षाचे आकडे उतरायला अर्धा दिवस जायचा. तेवढा वेळ फोन अडकलेला. मध्येच कोणी रिसीव्हर उचलला की लाइन तुटायची आणि झालेलं सगळं पाण्यात. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

पण गावात फोन तेवढा एकच. कोणाचा भाऊ कर्जतला दवाखान्यात, कोणाच्या लेकीचा निरोप नाही, सगळे आमच्या ऑफिसात यायचे. सहदेव नाही कसा म्हणणार, गावचाच तो. लाइन तुटायची. एकदा साहेबांनी त्याला सगळ्यांसमोर झापलं, जमत नसेल तर दुसरा माणूस बघतो म्हणाले. दुसरा बघणार म्हणजे जमीनही गेली आणि नोकरीही. त्या दिवसापासून काम चालू असलं की सहदेव रिसीव्हर सुतळीनं बांधून ठेवू लागला.

आणखी एक भानगड होती. तिकडून आकडे यायचे थांबले की प्रोग्राम मिनिटभर वाट बघायचा आणि काम सोडून द्यायचा. लाइन तर मधूनमधून मंदावायचीच. सहदेवनं पुस्तक चाळून चाळून ती मिनिटाची मुदत चांगली दिवसभराची करून टाकली. साहेबांनी पाठ थोपटली. तो आठवडाभर खुशीत होता. लाइन साफ मेली तरी आता यंत्र तसं सांगणार नाही, नुसतं वाट बघत बसेल, हे आम्हा कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

भाद्रपदातली गोष्ट. सहदेवचा धाकटा चुलतभाऊ गोमा, त्याची बायको शकू पहाटे घरीच बाळंत झाली होती. मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत, असा निरोपही सहदेवला मिळाला होता. त्या दिवशी सकाळपासून सहदेवनं वर्षाचे आकडे उतरवायला लावले होते. जेवणाच्या सुट्टीआधी गोमा ऑफिसच्या दारात आला.

"दादा, घरात जरा बरं नाय. खोपोलीवरनं गाडी बोलवायची हाय."

शकूचं रक्त थांबत नव्हतं. पण आमच्याकडं बायकोच्या असल्या गोष्टी मोठ्या भावासमोर कोणी तोंडानं काढत नाही. गोमानंही काढल्या नाहीत. सहदेवला वाटलं, चुलतीचा दमा उसळला असेल. तो त्याला म्हणाला, संपतच आलंय, जरा बस. आणि गोमा बाहेर पायरीवर जाऊन बसला. गुडघ्यात मान घालून बसला. मला त्या बसण्याचा अजून संताप येतो.

बऱ्याच वेळानं धोंडूबाई सुईण रस्त्यावरूनच ओरडत आली. तिच्या लुगड्याला रक्त लागलेलं होतं. गोमाला जे बोलता आलं नव्हतं ते तिनं सगळ्या ऑफिसादेखत सांगितलं. सहदेव ताडकन उठला, सुतळी ओढून तोडली, रिसीव्हर कानाला लावला आणि तसाच उभा राहिला. आकडे येत असताना त्यात कर्कश शिट्टी वाजायची. शिट्टी नव्हती. नंबर फिरवायच्या आधीचा साधा टोन वाजत होता. आणि पडद्यावरची शेवटची ओळ गोमा यायच्या आधी जी होती तीच होती.

गाडी लगेच आली. म्हणजे फोन केल्यावर लगेच. खोपोलीचा शिळफाटा यायच्या आत शकू गेली. आणखी थोडी आधी आणायला हवी होती, असं डॉक्टर म्हणाले. गावानं मशीनला शिव्या दिल्या. मशीनला शिव्या देणं सोपं असतं, ते उलटून बोलत नाही. साहेबांनी दुसऱ्या दिवशी विचारलं की वर्षाचे आकडे पूर्ण उतरले का.

दहाव्याला पाताळगंगेच्या काठी दोघे भाऊ डोकी भादरून शेजारी बसले होते. मी मागं उभा होतो. गोमानं हळूच विचारलं, "दादा, मी बसलो व्हतो तवा आकडे येत व्हते ना?"

त्याला हो ऐकायचं होतं, हे मलाही कळत होतं. निदान कशासाठी तरी थांबलो, एवढं त्याला पुरलं असतं.

"नाय," सहदेव म्हणाला. "तू यायच्या आदीच बंद पडलं व्हतं. फोन मोकळाच व्हता."

गोमानं त्याच्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. तो सहदेवजवळ सरकला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मीच लाजलो रं, दादा. रक्ताचं बोललो असतो तर तू लगेच फोन दिला असतास."

सहदेवनं हो म्हणायला तोंड उघडलं, पण त्याच्याच्यानं म्हणवेना.