एक पेर कमी

शाळेत बाईंना सगळे बटरबाई म्हणायचे. तोंडावर नाही हं, तोंडावर नुसतं 'बाई'; पण जिन्यात, मैदानात आणि मुलांच्या मुतारीच्या भिंतीवर मात्र बटरबाई. आणि नाव काही उगाच पडलेलं नव्हतं. कुणाची रेघ चुकली की बाई ड्रॉवरमधून बटर पेपरचा तुकडा काढायच्या, त्या पोराच्या चित्रावर पसरायच्या आणि त्या पातळ, आरपार दिसणाऱ्या कागदावर आपली रेघ मारून दाखवायच्या. "बघ, खांदा इथं येतो. दिसलं? आता तुझं तू काढ." मग तो तुकडा चुरगळून टोपलीत. खालच्या मूळ कागदाला बाईंची पेन्सिल लागायची नाही. सव्वीस वर्षांत एकदाही लागली नव्हती.

घरी नवरा चेष्टा करायचा. तो बस डेपोत वेळापत्रकं लावायचा, त्यामुळे शब्दही वेळेवर सोडायचा. "शाळेत म्हणे तू कुणाच्या कामाला हात लावत नाहीस. आणि इथं मी घडी घातलेला टॉवेल परत उलगडून घालतेस, त्याचं काय?" बाई म्हणायच्या, "तुम्ही बसा माझ्या परीक्षेला, मग तुमच्या टॉवेललाही हात लावायची नाही."

हा नियम आला कुठून, तेही ऐका. आठवीत असताना बाईंनी शिवणयंत्रावर बसलेल्या आईचं चित्र काढलं होतं. आईच्या डाव्या डोळ्याची पापणी जन्मापासून खाली ओघळलेली. पोरीनं ती दिसली तशी काढली. स्पर्धेला पाठवायच्या आधी चित्रकलेच्या मास्तरांनी सहज दोन रेघा मारल्या आणि तो डोळा नीट उघडून टाकला. चित्राला पहिलं बक्षीस! पोर नाचत नाचत घरी आली. आईनं मशीन थांबवलं, चित्र हातात घेतलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "छान आहे गं. पण ही कोण?" ते आठवलं की बाईंचे कान अजून गरम व्हायचे.

निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. शाळा सरकारी, वरच्या वर्गांना दृश्यकला हा ऐच्छिक विषय, आणि वर्ग तिसऱ्या मजल्यावर, पाण्याच्या टाकीच्या बरोबर खाली. छताला कायम ओल. खोलीत बावीस ड्रॉइंग बोर्ड, रंगांचे थर चढून मूळचा रंगच विसरलेलं एक बेसिन, आणि प्लास्टरचं एक डोकं. त्याच्या ओठांना दरवर्षी कुणीतरी लिपस्टिक लावायचं आणि बाई दरवर्षी शिव्या घालत ती पुसायच्या. या खोलीवर हेडसरांचा डोळा होता. त्यांना तिथं कॉम्प्युटर बसवायचे होते. एकदा तर भर तासाला ते टेप घेऊन आले आणि मुलांच्या डोक्यावरून भिंत मोजून गेले. म्हणजे बघा.

आणि त्यांच्या हातात कोलीतही होतं. आदल्या वर्षी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शेरा मारला होता: हातांची, बोटांची रेखाटनं फार कच्ची. विषयाला एका वर्षाची मुदत मिळाली होती. यंदा पंधरा मुलांच्या फायली, म्हणजे प्रत्येकाची वर्षभरातली बारा चित्रं, पास झाल्या तर विषय चालू, चौदा झाल्या तर बंद. आणि वर्गात मुलं होती मोजून पंधरा.

"बाई, पंधरातला एक जरी गळला ना," हेडसर जिन्यात गाठून म्हणाले, "तर पुढच्या जूनमध्ये तुमच्या खोलीत कीबोर्ड वाजतील."

"वाजू देत की. आधी गळू तर देत," बाई म्हणाल्या. बोलून गेल्या खऱ्या, पण वर्गात जाऊन त्यांनी पोरं पुन्हा एकदा मोजली.

वर्षभर बाईंनी पोरांकडून हात काढून घेतले. डबा उघडणारे हात, बुटाची नाडी बांधणारे हात, नाकात बोट घातलेले हातसुद्धा. चौदा जणांची त्यांना चिंता उरली नाही. जीव टांगणीला लागला तो पंधराव्या फायलीपायी. ती सुताराच्या मुलीची.

ही मुलगी यंदाच शाळेत नवीन आली होती. बोलायची कमी, पेन्सिल मात्र अशी धरायची की बाई तिच्या बाकाजवळ उगाचच रेंगाळायच्या. तिचं बारावं आणि शेवटचं चित्र होतं बापाच्या हातांचं: दोन्ही हातांनी रंधा धरलाय, लाकडाची साल वळत वर येतेय. मनगटं, शिरा, नखांतला भुसा, सगळं झकास. फक्त उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट आखूड. रंध्याच्या कडेला टेकलेलं ते बोट मधेच संपायचं. बोट समोरून बघताना लांबी फसते, सगळ्या पोरांची फसते. बाईंनी बटर पेपर टाकून पूर्ण बोट काढून दाखवलं. मुलीनं बघितलं, मान हलवली, काहीच बदललं नाही. आठवड्यानं पुन्हा बटर पेपर. पुन्हा मान.

"अगं, मान काय हलवतेस? बोट वाढव."

"बाई, असू दे ना तसं," मुलगी खाली बघत म्हणाली. मागच्या बाकावर दोघं फिदीफिदी हसत होते.

"असू दे काय असू दे! परीक्षक नेमकं बोटावरच बोट ठेवतात," बाई म्हणाल्या आणि पुढच्या बाकाकडे वळल्या. का असू दे, हे त्यांनी विचारलं नाही. एवढा एक प्रश्न विचारायला किती वेळ लागला असता?

परीक्षक यायच्या आदल्या दिवशी, शाळा सुटल्यावर, बाई एकट्या फायली लावत बसल्या. चौदा झाल्या. पंधरावी उघडली, तर ते बोट तसंच. बाईंचं डोकंच फिरलं. मुलगी घरी गेलेली. सकाळी दहाला परीक्षक. गेल्या वर्षीचा शेरा डोळ्यांसमोर नाचायला लागला, खाली व्हरांड्यात हेडसर फोनवर कुणालातरी खोलीची लांबी-रुंदी सांगत होते तेही ऐकू आलं. बाईंनी ड्रॉवर उघडला. बटर पेपर तिथंच होता. त्यांनी ड्रॉवर बंद केला आणि पेन्सिल थेट कागदावर टेकवली. एक पेर, एक नख, थोडी सावली. पाच मिनिटांचं काम. बोट असं काही देखणं उतरलं की बाईंना क्षणभर बरंही वाटलं. लाज त्यानंतर वाटली.

रात्री नवऱ्यानं विचारलं, "झालं सगळं?" बाई म्हणाल्या, "झालं." आणि त्या दिवशी त्यांनी टॉवेलची घडी मोडली नाही, तेव्हाच त्यानं ओळखलं की काहीतरी बिनसलंय.

परीक्षक किडकिडीत होते, खिशात भिंग बाळगणारे. बोलायचे हळू आणि बघायचे सावकाश. पद्धत अशी की मुलानं त्यांच्यासमोर बसायचं, प्रत्येक चित्राच्या मागे छापलेल्या ओळीखाली सही करायची: 'हे काम संपूर्णपणे माझ्या हातचं आहे.' एकेक मूल बसलं, उठलं. बाई कपाटाला टेकून उभ्या, हेडसर दारात. चौदा फायली झाल्या तेव्हा परीक्षक चक्क म्हणाले, "यंदा हात सुधारलेत." हेडसरांचा चेहरा पडला. बाईंना हसायला हवं होतं, पण त्यांचं लक्ष पंधराव्या फायलीवर होतं.

सुताराची मुलगी बसली. अकरा चित्रं, अकरा सह्या. बारावं चित्र तिनं समोर ओढलं आणि तिचा हात थांबला.

तिनं चित्राकडे बघितलं. मग चेहरा आणखी जवळ नेला. मग तिनं मान वर करून बाईंकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तरी बाईंनी तो सोसला असता. पण राग नव्हता. ही कोण, असं विचारणारी ती नजर होती आणि बाईंनी ती चाळीस वर्षांपूर्वी शिवणयंत्रावर बसलेल्या आईच्या डोळ्यांत बघितली होती.

"काय झालं?" परीक्षकांनी विचारलं.

"काही नाही, सर." मुलीनं कागद उलटा केला आणि पेन टेकवलं. ती सही करणार होती! बाईंसाठी, पंधराव्या फायलीसाठी ती पोर खोट्यावर नाव घालणार होती. बाईंना वाटलं, करू दे. देवा, करू दे पटकन. हा विचार त्यांच्या मनात आला, आणि तो आला हेच त्यांना सोसेना.

"थांब. सही करू नकोस," बाई म्हणाल्या. आवाज नको तितका मोठा लागला. "सर, त्या चित्रात माझी पेन्सिल लागलीय. उजव्या हाताचं बोट मी वाढवलंय. काल संध्याकाळी. हिला माहीत नव्हतं."

परीक्षकांनी भिंग काढून बोटावर धरलं. "हो," ते म्हणाले. "पोरांची रेघ चाचपडत जाते. ही सरळ गेलीय." मग मुलीकडे वळून म्हणाले, "तू आखूड काढलं होतंस?"

"आखूडच आहे ते," मुलगी म्हणाली. "मशीनमध्ये गेलं. एक पेर नाहीये बाबांना."

बाईंनी कपाटाची कडी घट्ट धरली. दोनदा बटर पेपर टाकून त्यांनी त्या पोरीला तिच्या बापाचं तुटलेलं बोट पुरं करायला सांगितलं होतं. आणि भर वर्गात ती काय बोलणार होती?

"म्हणजे फाईल रद्द," हेडसर लगबगीनं म्हणाले. "चौदाच झाल्या."

"चित्र रद्द," परीक्षक म्हणाले. "रद्द झालेलं चित्र विद्यार्थ्याला माझ्यासमोर दोन तासांत पुन्हा काढता येतं. नमुना नसेल तर आठवणीतून. शिक्षकांनी खोलीबाहेर थांबायचं. जमेल, बाळ? वडिलांना बोलवायचं का?"

"नको, सर. मला पाठ आहेत ते हात."

बाई बाहेरच्या बाकावर बसल्या. दोन तास! समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं, ते बघवेना. हेडसर येरझारा घालता घालता म्हणाले, "काय गरज होती हो बोलायची? ती करत होती ना सही! आता शाळेचं नाव खराब." खोली मिळण्यासाठी देव पाण्यात घालून बसलेला हा माणूस आता सही झाली असती तर बरं म्हणतो, याचं बाईंना हसू यायला हवं होतं. आतून फक्त खोडरबरचा आवाज येत होता. खोडतेय. अजून खोडतेय. बाईंना वाटलं, उठावं आणि दारातून ओरडावं, मनगटापासून सुरू कर! त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

दार उघडलं तेव्हा मुलीच्या गालावर शिशाचा काळा पट्टा होता. परीक्षकांनी चित्र बाईंना दाखवलं. घाईची रेघ, सावल्या अर्धवट, लाकडाची साल नुसती सुचवलेली. बोट मात्र जिथं संपायचं तिथंच संपत होतं.

"पास," परीक्षक म्हणाले. "पंधरा झाल्या. विषय चालू राहील."

बाईंचे डोळे भरून आले. मग परीक्षकांनी दुसरा कागद पुढे केला. "हेही मला लिहावं लागतंय, बाई. तुम्ही स्वतः सांगितलंत ते मी नोंदवलंय. तरीसुद्धा." बाईंनी वाचलं. हा विषय पुढील तीन वर्षं दुसऱ्या शिक्षकाकडे द्यावा. तीन वर्षं, म्हणजे कायमचं. बाईंनी खाली सही केली. सगळं खरंच होतं, सही न करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

चारच्या सुमाराला मुलीचा बाप तिला न्यायला आला. अंगावर भुसा, उजवा हात खिशात. त्या हाताला खिशाची सवय लागलेली दिसत होती.

"पोरीनं काही गडबड केली का, बाई?"

"गडबड मी केली, भाऊ," बाई म्हणाल्या. त्यांनी सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. शेवटी मुलगीच म्हणाली, "बाबा, दाखवा ना बाईंना." त्यानं ओशाळत हात बाहेर काढला.

बाईंनी ते बोट नीट बघितलं. मग म्हणाल्या, "घाई नसेल तर जरा बसता? मला काढायचाय हा हात."

"आता काय उपयोग, बाई?" तो म्हणाला, पण बसला. हात टेबलावर ठेवला. बाईंनी कोरा कागद लावला आणि सुरुवात केली. मनगट आलं, मुठीची हाडं आली, अंगठा आला. मुलगी पाठीमागे उभी राहून बघत होती. त्या बोटाशी आल्यावर बाईंचा हात सरावानं पुढे गेला.

"बाई, जरा जास्त झालं," मुलगी म्हणाली.

तिनं ड्रॉवर उघडला, बटर पेपरचा तुकडा काढला, बाईंच्या चित्रावर पसरला आणि त्यावर बोट जिथं थांबतं तिथं एक छोटी रेघ मारली. "इथं. दिसलं?" मग तुकडा उचलला, चुरगळला आणि टोपलीत टाकला. बाईंच्या कागदाला तिनं हात लावला नव्हता.

बाईंनी खोडरबर घेतलं आणि जास्तीचं पेर स्वतःच्या हातानं पुसून टाकलं.